हार्पूनसमोरची रबरी बोट आणि तळघरातल्या नोंदी

थ्रेड. विषय लांबचा आहे, पण शेवटी तो अरबी समुद्रात येऊन पोहोचतो. म्हणून थोडा धीर धरावा.

२७ जून १९७५. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर, पॅसिफिक महासागरात एक लहानशी रबरी बोट लाटांवर आपटत चालली आहे. तिच्या पुढे स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशांचा कळप आहे आणि मागे, अगदी जवळ, 'व्लास्तनी' हे सोव्हिएत शिकारी जहाज. जहाजाच्या नाळेवर तोफ आहे, तोफेत हार्पून. बोटीतल्या माणसांचा हिशेब साधा होता: देवमासा आणि तोफ यांना जोडणाऱ्या रेषेत आपण राहायचे, मध्ये माणूस असताना तोफ कोणी डागणार नाही.

तोफ डागली गेली.

हार्पून त्यांच्या डोक्यांवरून गेला आणि एका मादीच्या अंगात रुतला. त्याच्यामागून आलेला पोलादी दोर बोटीपासून काही फुटांवर पाण्यावर आदळला. तो बोटीवर पडता तर हा थ्रेड वेगळ्या प्रकारे लिहावा लागला असता.

हार्पून म्हणजे नुसता भाला नव्हे. नॉर्वेच्या स्वेन्ड फॉयन याने १८७० साली पेटंट घेतलेल्या या शस्त्राच्या टोकाला स्फोटक असते. ते शरीरात शिरल्यावर फुटते, काटे उघडतात आणि दोराने जनावर जहाजाला जखडले जाते. मग शवात हवा भरून ते तरंगत ठेवायचे आणि पुढच्या देवमाशामागे जायचे. मागून येणारे कारखाना-जहाज ती शवे गोळा करते. त्या दिवशीचे कारखाना-जहाज होते 'दाल्नी वोस्तोक', म्हणजे 'अतिपूर्व'.

बोटीत पुढे होते बॉब हंटर, व्हँकुव्हरचे पत्रकार. संघटना होती ग्रीनपीस, तेव्हा जेमतेम चार वर्षांची. १९७१ साली अमेरिकेच्या अणुचाचणीला विरोध करण्यासाठी 'फिलिस कॉर्मॅक' नावाच्या जुन्या मासेमारी नौकेतून ही मंडळी अलास्काकडे निघाली होती. १९७५ सालीही तीच नौका होती. अणुबॉम्बवरून त्यांचे लक्ष देवमाशांकडे वळले त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात पॉल स्पाँग यांना जाते. व्हँकुव्हरच्या मत्स्यालयात ओर्का जातीच्या देवमाशावर प्रयोग करणारे हे शास्त्रज्ञ, प्रयोग करता करता त्या प्राण्याला बंदिवासात ठेवण्याच्याच विरोधात गेले.

प्रश्न असा, की एवढ्या अफाट महासागरात शिकारी ताफा सापडावा कसा? त्याची युक्ती मला या साऱ्या कथेत सर्वाधिक आवडते. स्पाँग नॉर्वेतील सांडेफ्योर्ड या गावी गेले. जगभरच्या देवमासा-शिकारीची आकडेवारी तेथील कार्यालयात जमा होत असे. संशोधक या नात्याने त्यांनी स्पर्म व्हेलविषयीच्या नोंदी मागितल्या आणि त्यांतून सोव्हिएत ताफ्याच्या आधीच्या हंगामांतील जागा उतरवून घेतल्या. दप्तरखान्यात बसणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना एवढा रोमांच पुरेसा असतो! तरीही व्हँकुव्हर सोडल्यानंतर ताफा दिसेपर्यंत दोन महिने गेले.

आता स्पर्म व्हेलविषयी. आपल्याकडे 'व्हेलची उलटी' म्हणून ज्या अंबराच्या तस्करीच्या बातम्या कोकणातून आणि मुंबईतून वारंवार येतात, ते अंबर याच जातीच्या आतड्यात तयार होते. शिकारी मात्र तेलासाठी येत. डोक्यातल्या पोकळीतले मेणासारखे तेल प्रचंड दाबाखालीही टिकते, त्यामुळे यंत्रांच्या वंगणासाठी त्याला मागणी होती.

मादी मारली गेल्यावर कळपातला एक मोठा नर उलटून जहाजावर चालून गेला आणि त्यालाही गोळा बसला. त्याच्या डोळ्यात आपण काय पाहिले हे पॉल वॉटसन आयुष्यभर सांगत आले आहेत. त्या सकाळच्या आठवणी एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. हंटर यांच्याबरोबर पुढच्या बोटीत नेमके कोण होते, यावरही सहभागी माणसांची कथने वेगळी आहेत. मात्र दोराचा प्रसंग चित्रफितीत आहे, कारण फ्रेड ईस्टन शेजारच्या बोटीतून चित्रण करत होते.

हे चित्रण योगायोगाने झालेले नाही. लोकांच्या मनात फुटणारे चित्र, 'माइंड बॉम्ब', ही हंटर यांची आवडती कल्पना होती. त्यामुळे 'हे सारे प्रसिद्धीसाठी' हा आरोप तेव्हाही झाला. मला तो आरोप अर्धा खरा वाटतो, आणि म्हणूनच फारसा महत्त्वाचा वाटत नाही. कॅमेऱ्यासाठी केलेली कृती होती हे मान्य. पण पोलादी दोराला कॅमेरा आहे की नाही याच्याशी कर्तव्य नव्हते. त्या दिवशी ज्यांना वाचवायला गेले ते दोन्ही देवमासे मेले. चित्रफीत मात्र सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली आणि तेथून अमेरिकेतल्या घराघरांतल्या दूरचित्रवाणीवर.

याआधी काय चालले होते ते थोडक्यात. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग १९४६ च्या करारातून जन्मला. त्याने कोटे ठरवले, पण जातीनुसार नव्हे, 'ब्लू व्हेल एकक' या हिशेबाने: एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन, किंवा अडीच हम्पबॅक, किंवा सहा सेई. अर्थात दुर्मीळ झालेला प्राणी आणि मुबलक प्राणी एकाच तागडीत! १९७२ साली स्टॉकहोमच्या संयुक्त राष्ट्र परिषदेने दहा वर्षांच्या स्थगितीची मागणी केली. आयोगाने ती मानली नाही. चित्रफितीनंतरही सात वर्षे लागली. जुलै १९८२ मध्ये ब्रायटन येथे २५ विरुद्ध ७ मतांनी व्यापारी शिकारीला स्थगिती मंजूर झाली. पाच देश तटस्थ राहिले. बाजूने मत देणाऱ्यांत भारत होता. स्थगिती १९८५-८६ च्या हंगामापासून लागू झाली. नॉर्वेने १९९३ साली शिकार पुन्हा सुरू केली आणि जपान २०१९ साली आयोगातून बाहेर पडला, तोही इतिहासच.

इथपर्यंतची कथा बऱ्याच जणांना ठाऊक असते. पुढची कमी सांगितली जाते.

सांडेफ्योर्डच्या ज्या दप्तरावरून ताफा शोधला, त्या दप्तरातले सोव्हिएत आकडे मोठ्या प्रमाणावर खोटे होते. नोव्हेंबर १९९३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी हे जाहीरपणे सांगितले. दक्षिण गोलार्धात सोव्हिएत संघाने दुसऱ्या महायुद्धानंतर २,७१० हम्पबॅक मारल्याचे कळवले होते. प्रत्यक्षात ४८,००० हून अधिक मारले गेले होते. सर्व जाती आणि सर्व समुद्र धरून लपवलेली शिकार सुमारे १,८०,००० इतकी आहे.

कशासाठी? उत्तर वाचून सुन्न व्हायला होते. मांसाची वा तेलाची तेवढी गरज होती म्हणून नव्हे. योजनेचे उद्दिष्ट ओलांडले की बोनस मिळे आणि ओलांडलेला आकडा पुढच्या वर्षीचे उद्दिष्ट ठरे. उद्दिष्ट वाढत गेले, देवमासे घटत गेले.

हे आज कळते, कारण ताफ्यांवरच्या काही जीवशास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी नष्ट केल्या नाहीत. दिमित्री तोर्मोसोव्ह यांनी हजारो देवमाशांची नोंदपत्रे आपल्या बटाट्याच्या तळघरात दडवून ठेवली. गुप्त ठरवलेली माहिती घरात बाळगण्याचा अर्थ त्या राज्यव्यवस्थेत काय होता, हे सांगायला नको. रबरी बोटीतल्या माणसांचे छायाचित्र जगाने पाहिले. तळघराचे छायाचित्र कोणी काढले नाही. माझ्या लेखी दोन्ही धाडसे एकाच इतिहासात बसतात, आणि दुसऱ्याशिवाय पहिल्याचा खरा आवाका कळत नाही.

आता अरबी समुद्र. याच जतन झालेल्या नोंदींवरून युरी मिखालेव्ह या शास्त्रज्ञांनी १९९७ साली एक लेख प्रसिद्ध केला. ते स्वतः त्या ताफ्यांवर काम केलेले. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समुद्रात २३८ हम्पबॅक मारले. आदल्या वर्षीचे चार धरून २४२. नियमांनुसार तेथे ही शिकार करताच येत नव्हती. त्याच वर्षीच्या जानेवारीत याच देशाच्या मध्यस्थीने ताश्कंद करार झाला होता; आपल्या पाठ्यपुस्तकांत १९६६ आणि सोव्हिएत संघ एवढेच एकत्र येतात.

मिखालेव्ह यांना त्या नोंदींत आणखी एक गोष्ट सापडली. मारलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भांची मापे उत्तर गोलार्धातल्या प्रजननचक्राशी जुळत होती. म्हणजे हे देवमासे दक्षिणेकडून आलेले पाहुणे नव्हते. अरबी समुद्र हेच त्यांचे बारमाही घर होते. हम्पबॅक दरवर्षी हजारो किलोमीटर स्थलांतर करतात. हा एवढाच कळप तसे करत नाही.

या शतकाच्या पहिल्या दशकात ओमानच्या किनाऱ्यावर शेपटीच्या खुणांवरून त्यांची मोजदाद झाली. अंदाज निघाला ८२.