नळापाशी थांबलेले मूल

भाईंदरला राहायला येऊन मला बरीच वर्षे झाली. घरात नळ आहे. तरीही परक्या घरी पाणी मागताना माझा आवाज खाली जातो आणि नकळत ओंजळ पुढे होते. गावच्या शाळेत मला वरून पाणी वाढत, हे मी विसरलो होतो. माझे हात विसरले नव्हते. यालाच मी माझा भित्रा स्वभाव समजत आलो. तो स्वभाव नव्हे, इतिहास आहे, हे मला आपल्याच वाङ्मयाने शिकवले.

१९०१ साली बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि भाचे साताऱ्याहून वडिलांकडे निघाले व मसूर स्टेशनवर उतरले. जात कळल्यावर दुप्पट भाड्याने गाडी मिळाली. पण गाडीवान पायी चालला, बैल मुलांनीच हाकले. जवळ शिदोरी असून पाण्यावाचून ती रात्री उपाशी निजली. शाळेत बसायला गोणपाट घरचे. आणि शिपाई नसला की नळ असून पाणी नाही. परदेशच्या पदव्या मिळवल्यानंतर, सुमारे पस्तीस वर्षांनी, त्यांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिले. एवढ्या विद्वत्तेनेही ती तहान पुसली गेली नव्हती. मात्र बाबासाहेबांनी तिची साक्ष केली, आणि साक्षीची चळवळ झाली.

१९७८ साली 'बलुतं' आले. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. माणूस एकच, नावे दोन. हे केवळ निवेदनाचे तंत्र मानून चालणार नाही. शिकलेला नोकरदार आणि अपमानित पोर एकाच देहात राहतात, हे त्या दुभंगाने दाखवले.

पुढे १९८० साली अमेरिकन मानसोपचारशास्त्राने मानसिक आघाताच्या विकाराला अधिकृत नाव दिले. त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे अनुभव होते. १९९८ साली फेलिट्टी आणि अँडा यांनी हजारो प्रौढांच्या बालपणाच्या चौकशीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बालपणीचे आघात जितके अधिक, तितके पुढे नैराश्य, व्यसन आणि हृदयविकारही अधिक, असे त्यांना आढळले. परंतु त्यांचे प्रश्न मुख्यतः घराच्या चार भिंतींपुरते होते. आमच्या मुलांना जखमा शाळेत, पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीशी झाल्या. आईबाप मायाळू असूनही झाल्या. त्या प्रश्नावलीत आमचा नळ नव्हता.

म्हणून शिक्षक आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. वर्गात तोंड न उघडणारा विद्यार्थी, कौतुकावर विश्वास न बसणारी अधिकारी बाई, सभेत क्रांती बोलून घरी मुलांवर हात उगारणारा आपलाच सहकारी, यांना दोष देण्यापूर्वी त्यांच्या बालपणाची विचारपूस करा. ही विचारपूस मारहाणीची माफी नव्हे. ती थांबवण्याची सुरुवात आहे. गरज पडल्यास डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. पण रोग एकट्या माणसात शोधून व्यवस्थेला मोकळे सोडू नका.

परवा माझ्या नातीने नळाला थेट तोंड लावले. मी ओरडणार होतो. ओरडलो नाही.