राजीनाम्यातला राजी

हिंदी बातमीत ‘दोनों पक्षों में राज़ीनामा’ ऐकलं की मराठी कान टवकारतात. दोघांनीही नोकरी सोडली की काय? तिकडे त्याचा अर्थ तडजोड. नोकरी सोडायची तर ते इस्तीफा देतात.

मूळ एकच. ‘राजी’ अरबी, म्हणजे संतुष्ट, कबूल. ‘नामा’ फारसी, म्हणजे लेख. करारनामा, जाहीरनामा ही त्याचीच भावंडं. राजीनामा म्हणजे संमतीचा कागद, एवढंच. संमती कशाला, ते कागद कुठे दाखल होतो त्यावर ठरायचं. कोर्टात दिला तर दावा मिटवायला. मुंबई इलाख्यात मामलेदाराकडे दिला तर जमिनीचा कब्जा स्वखुशीने सोडायला. मग नवा खातेदार कबुलायत लिहून देई. जुन्या फेरफारांत ‘राजीनामा-कबुलायत’ ही जोडी अजून भेटते. सोडण्याची छटा बहुधा इथूनच नोकरीत शिरली असावी, असा आपला माझा कयास.

आता त्यातली राजीखुशी शोधावीच लागते. राजीनामा मागितला जातो, घेतला जातो, साहेबांच्या तोंडावर फेकला जातो. मंत्र्यांच्या तर तो खिशातच असतो. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत अधूनमधून ‘नाराजीनामा’ही झळकतो.