एका साखर कारखान्याच्या नावात दडलेली इंग्रजी शब्दांची तीन कुटुंबे

इंग्रजी शब्द पाठ होतात आणि आठवडाभरात विसरतात, ही मराठी माध्यमातील अनेक विद्यार्थ्यांची तक्रार. सुटे शब्द घोकण्याऐवजी त्यांचे मूळ ओळखले, तर एका शब्दासोबत त्याचे सगळे कुटुंब लक्षात राहते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात रोज कानावर पडणाऱ्या एका नावावरून हे समजून घेता येते.

राहाता तालुक्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० साली तो सुरू झाला. 'सहकारी साखर कारखाना' म्हणजे इंग्रजीत 'को-ऑपरेटिव्ह शुगर फॅक्टरी'.

मूळ शब्द म्हणजे काय?

शब्दाचा मुख्य अर्थ ज्या भागात असतो, ते त्याचे मूळ. त्याच्या आधी उपसर्ग लागतो, नंतर प्रत्यय. मराठीत 'कृ' धातूपासून कार्य, कर्ता, कृती, उपकार, सहकार हे शब्द बनतात. इंग्रजीतही असेच होते.

१. को-ऑपरेटिव्ह

लॅटिनमध्ये 'ओपस' म्हणजे काम. त्यापासून ऑपरेट (काम करणे, चालवणे) हे क्रियापद आले. 'शन' लागला की नाम होते: ऑपरेशन. 'टर' लागला की करणारा: ऑपरेटर. आधी 'को' म्हणजे 'सह' लावला की को-ऑपरेट, को-ऑपरेशन आणि को-ऑपरेटिव्ह. 'सहकार' या शब्दाची बांधणी अगदी तशीच आहे: सह अधिक कार.

२. शुगर

हा शब्द मूळचा आपल्याकडचाच. संस्कृत 'शर्करा' म्हणजे आधी बारीक खडे, मग साखर. तो फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर' झाला आणि पुढे फ्रेंचमधून इंग्रजीत 'शुगर' म्हणून पोहोचला. ग्रीकमार्गे आलेले 'सॅकरीन' आणि पोर्तुगीजमार्गे आलेले 'जॅगरी', म्हणजे गूळ, हे त्याचेच भाऊबंद.

३. फॅक्टरी

लॅटिन 'फाकेरे' म्हणजे करणे, बनवणे. फॅक्ट म्हणजे घडलेली गोष्ट. फॅक्टर म्हणजे मुळात करणारा, पुढे मालकाच्या वतीने व्यवहार पाहणारा माणूस. हे फॅक्टर जिथे बसत ती फॅक्टरी. म्हणूनच इंग्रजांच्या सुरतेच्या वखारीलाही 'फॅक्टरी' म्हणत. कारखाना हा अर्थ नंतर रूढ झाला. मराठी 'कारखाना' फारसीतून आला: 'कार' म्हणजे काम, 'खाना' म्हणजे जागा. हा फारसी 'कार' आणि संस्कृत 'कृ' एकाच मुळाचे आहेत.

कुठे फसगत होते?

सारखे दिसणारे सगळे शब्द नातेवाईक नसतात. 'मॅन्युफॅक्चर'मधील 'मॅन्यु' म्हणजे हात, माणूस नव्हे. मॅन्युअल आणि मॅन्युस्क्रिप्ट (हस्तलिखित) त्याच घरातले. 'मॅनकाइंड'मधला 'मॅन' मात्र वेगळ्या घरातला. म्हणून नाते जुळते असे वाटले, तरी शब्दकोशात व्युत्पत्ती पाहून खात्री करावी.

नवा शब्द भेटला की तीन गोष्टी पाहाव्यात: मूळ कोणते, आधी काय लागले, शेवटी काय लागले. मग त्याचा अर्थ आणि तो नाम आहे की क्रियापद, याचा अंदाज बऱ्याचदा न घोकताच येतो.