घेरिया की विजयदुर्ग?

वाघोटण खाडीच्या मुखाशी, तीन बाजूंनी समुद्र असलेल्या एका दुर्गाला इतिहासात दोन नावे आहेत. लगतच्या गिर्ये गावावरून पडलेले ‘घेरिया’ हे जुने नाव इंग्रजी कागदपत्रांनी शेवटपर्यंत सोडले नाही. शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून किल्ला घेतला आणि मराठी कागदांत तो ‘विजयदुर्ग’ झाला. नावांतला हा भेद वरवरचा नाही, असे आम्हांस वाटते.

शाहू महाराजांनी १७१३ मध्ये ज्यांना ‘सरखेल’ केले, ते कान्होजी आंग्रे इंग्रजांच्या लेखी चाचे होते. आपल्या दस्तकावाचून जहाज जाऊ न देणे हा त्यांचा अपराध! पण पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ नावाचा असाच परवाना चालविला होता. त्याला कोणी चाचेगिरी म्हटले नाही. समुद्रावर शब्दाचा अर्थ तोफांच्या बळावर ठरतो, हे येथे स्पष्ट दिसते. १७२० मध्ये या किल्ल्यावर आलेली इंग्रजांची मोहीम निष्फळ ठरली.

जे इंग्रजांना एकट्याने साधले नाही, ते मराठ्यांच्या घरभेदाने साधले. कान्होजींचे पुत्र तुळाजी पेशव्यांस जुमानत नव्हते. पेशव्यांच्या पक्षातील सत्तांनाही त्यांचा उपद्रव होता. ही तक्रार खोटी नव्हती. परंतु तिच्या निवारणासाठी नानासाहेबांनी इंग्रज आरमाराशी करार केला. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून वॉटसन व जमिनीवरून क्लाइव्ह चालून आले. पूर्वी इंग्रजांकडून हस्तगत केलेल्या ‘रेस्टोरेशन’ जहाजावर तोफगोळा पडून आग लागली आणि बंदरातील आंग्र्यांचे आरमार जळाले. सुमारे १० लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. तुळाजी जन्मभर पेशव्यांच्या बंदीत राहिले. किल्ला मात्र पेशव्यांना ऑक्टोबरमधील तहाने, बाणकोट देऊन, मिळाला.

पेशव्यांनी पुढे येथे आरमार ठेवले. पण आंग्र्यांचा पूर्वीचा दरारा परतला नाही. क्लाइव्ह आणि वॉटसन मात्र वर्षभरात बंगालमध्ये होते, आणि जून १७५७ मध्ये प्लासी झाली.

विद्यार्थ्यांना आमचे सुचवणे एवढेच : जुन्या कागदात ‘चाचा’ हा शब्द आला, की तो कोणाच्या लेखणीतून उतरला हे आधी पाहावे. आणि विजयदुर्गाची हकीकत सांगताना, त्या आगीला आपल्याच दरबाराची संमती होती, हेही गाळू नये.