‘इंटिग्रेशन’ : एका गिटारीचे गोत्र

भंडाऱ्याच्या झाडीपट्टीत नाटकाला पेटीचे सूर लागतात, तेव्हा हे वाद्य युरोपातून आले याची आठवण कोणालाही होत नाही. १९४० मध्ये नभोवाणीने पेटीवर बंदी घातली, तरी लोकांनी ती आपलीच मानली. गिटारीच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. ती वाजवणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘प्रभाव कोणाचा?’ हाच. अमान्सिओ डिसिल्वा यांच्या ‘इंटिग्रेशन’ (१९६९) या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने हा प्रश्नच तपासून पाहावा, असे आम्हांस वाटते.

डिसिल्वा यांचा जन्म १९३६ मध्ये मुंबईत, गोमंतकीय कुटुंबात झाला. चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून मुंबईत आलेल्या गोमंतकीय वादकांनी या शहरातील हॉटेलांचे जॅझ सांभाळले आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंदही. चिक चॉकलेट यांच्यासारखा ट्रंपेटवादक एकीकडे जॅझ वाजवी, तर दुसरीकडे सी. रामचंद्र यांच्या चालींना साथ करी. डिसिल्वा त्यांच्या पुढच्या पिढीचे. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी त्यांचे वादन ऐकून त्यांना गिब्सन गिटार दिली. ‘इंटिग्रेशन’मधील ‘महाराणी’ ही रचना त्या ऋणाची खूण होय. १९६७ मध्ये ते लंडनला गेले.

तेथे भारतीय संगीत आणि जॅझ यांच्या मिश्रणाची एक वाट आधीच पडली होती. कलकत्त्यात जन्मलेले जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी ‘इंडो-जॅझ सूट’मध्ये दोन संच समोरासमोर बसवले : एक जॅझचा, दुसरा सतार-तबल्याचा. या प्रयोगामागे निर्माते डेनिस प्रेस्टन होते, आणि ‘इंटिग्रेशन’मागेही तेच होते. परंतु डिसिल्वा यांच्या मुद्रिकेत सतार नाही, तबलाही नाही. डॉन रेंडेल यांचा सॅक्सोफोन, इयन कार यांचा ट्रंपेट, डेव्ह ग्रीन यांचा बास, ट्रेव्हर टॉमकिन्स यांचे ड्रम आणि गिटार, एवढाच सरंजाम. ‘गंगा’ आणि ‘जयपूर’ ही नावे असलेल्या रचनांतही भारतीयत्वाची ग्वाही देणारे वाद्य शेजारी आणून बसवलेले नाही. जे काही एकजीव व्हायचे, ते एकाच वादकाच्या बोटांत व्हायचे.

हे शक्य झाले याचे एक कारण आम्हांस ब्लूजमध्ये दिसते. जॅझच्या मुळाशी असलेल्या या कृष्णवर्णीय गायनवादनात कोमल आणि शुद्ध गंधारांमधली जागा तार खेचून गाठली जाते. मींड ऐकत वाढलेल्या कानाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. दोन परंपरांचे नाते येथे केवळ उसनवारीचे राहत नाही. एका परंपरेतील सवय दुसरीत ओळखली जाते.

साहित्याच्या वर्गात आपण ‘प्रभाव’ हा शब्द अनेकदा कर्जाच्या वहीसारखा वापरतो : मर्ढेकरांच्या खात्यावर एलियट, अमक्याच्या खात्यावर तमका. अरुण कोलटकरांना त्यांच्यावरील प्रभाव विचारले गेले, तेव्हा त्यांनी दिलेल्या लांबलचक यादीत आपल्या संतकवींच्या पंगतीला अमेरिकेचे ब्लूज गायकही होते. त्या यादीतून कोलटकर वजा करता येत नाहीत. त्यांच्याशिवाय ती यादी जुळतच नाही.

डिसिल्वा १९९६ मध्ये निवर्तले. १९७२ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली त्यांची ‘कोकण डान्स’ ही मुद्रिका प्रकाशित झाली ती २००६ मध्ये. लंडनच्या इतिहासात ते ‘भारतीय’ म्हणून नोंदले गेले, आणि आपल्या संगीतेतिहासात गिटारवादक म्हणून राहूनच गेले. दोन घरांनी पाहुणा मानलेल्या या कलावंताने पहिल्याच मुद्रिकेला ‘एकात्मता’ या अर्थाचे नाव द्यावे, ही गोष्ट साधी नव्हे. त्या नावातला दावा आपण अजून मान्य करावयाचा आहे.