तळटीप ७ : ‘पडीत’

७. पडीत – लोधीखेड्याच्या माळाला लेखकाने ‘पडीत’ म्हटले आहे. बोलीत तसेच म्हणतात, सरकारी दप्तरातही. पण पडीत म्हणजे नांगर न लागलेली; निकामी नव्हे. सौंसर-पांढुर्ण्याकडच्या हलक्या, मुरमाड जमिनीत कुसळी आणि मारवेल ही गवते मूळचीच. कुसळीचे बी मोठे कसबी: त्याची पिळदार शेपटी दवाने उलगडते, उन्हाने पुन्हा पिळते आणि बी मातीत रुतत जाते. (धोतरातली कुसळे वेचत बसलेल्यांना हे सांगायला नको.) गवळाऊ ही पांढरी, चपळ गोजात वर्धा, नागपूर आणि छिंदवाडा भागातल्या अशाच चराईवर घडली. तणमोर, हिंदीतला खरमोर, हाही गवताचाच पक्षी. पावसाळ्यात नर मादीसाठी गवतावर उंच उड्या मारतो. त्याच्यासाठी रतलाम जिल्ह्यात १९८३ साली सैलाना अभयारण्य झाले, तरी २०२१ पासून तो जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. झाडे लावून माळ ‘हिरवा’ करण्याचा उत्साह मात्र या गवतांच्या मुळावर येतो. दाट सावलीत ती टिकत नाहीत. लेखकाने दिलेला छिंदवाडा जिल्हा जुना. २०२३ पासून हा भाग पांढुर्णा जिल्ह्यात आहे. – संपा.