गॉलवेतला हशा

जुलै 2004. रात्रीचे नऊ वाजत आले, तरी आयर्लंडमधल्या गॉलवेत अजून लख्ख उजेड आहे. कॉरिब नदीपासून जवळच, टाउन हॉल थिएटरच्या दारात तुम्ही उभे आहात. मार्चअखेरीस पबमध्ये धूम्रपानबंदी लागू झाली, तेव्हापासून सिगरेटी आणि गप्पा दोन्ही फुटपाथवर आल्यात. डब्लिनहून आलेली मंडळी नुकत्याच सुरू झालेल्या लुआस ट्रामचं कौतुक करताहेत. देशात पैसा खेळतोय, हे त्यांच्या बोलण्यातून तुम्हाला कळतं.

गॉलवे फिल्म फ्ला महोत्सवात आज ‘ॲडम अँड पॉल’ आहे. दिग्दर्शक लेनी अब्राहमसन यांचा हा पहिला मोठा चित्रपट, तोही बेताच्या पैशात केलेला. लेखन मार्क ओ’हॅलोरन यांचं आणि ॲडमही तेच. पॉल झालेत टॉम मर्फी. त्यांना इथे ओळख करून द्यावी लागत नाही. 1996 साली याच रंगमंचावर ड्रुइड नाटक कंपनीने ‘द ब्यूटी क्वीन ऑफ लीनेन’ हे नाटक पहिल्यांदा उभं केलं, त्यात ते होते. पुढे त्याच भूमिकेने त्यांना न्यूयॉर्कमध्ये टोनी पुरस्कार मिळवून दिला.

दिवे मालवतात. उजाड जागेवरच्या गादीवर दोन गर्दुल्ले जागे होतात. ॲडमला कुणीतरी गादीलाच चिकटवून ठेवलंय. पॉल त्याला ओढून सोडवू लागतो आणि पहिला हशा फुटतो. मग दिवसभर पुडीच्या शोधात डब्लिनभर वणवण. पॉल जिथे जाईल तिथे धडपडतो, लागतं, तो कळवळतो आणि तुम्ही हसता. शेजारच्या बाई तर डोळे पुसत हसताहेत.

तेवढ्यात ते दोघं डाउन सिंड्रोम असलेल्या एका मुलाला बोळात गाठून लुबाडू पाहतात. थिएटर एकदम गप्प. शेजारच्या बाईंचा हात तोंडावर जातो. तुम्हाला राग येतो, आणि इतका वेळ आपण यांच्याच बाजूने होतो हेही लक्षात येतं. थोड्या वेळाने हशा परत येतो, पण आता तो जपून येतो. हसण्याआधी लोक क्षणभर थांबतात. माझ्या मते चित्रपटाची खरी कमाई त्या थांबण्यात आहे. दया दाखवा असं तो एकदाही म्हणत नाही. आधी हसवून जवळ आणतो, मग मागे सरकायला जागाच ठेवत नाही.

शेवट पहाटे, समुद्रकाठी. ॲडम उठत नाही. पॉल निघून जातो, परत येतो, मित्राच्या खिशातला उरलेला माल घेतो आणि चालू लागतो. टाळ्या लगेच वाजत नाहीत. वाजतात तेव्हा बराच वेळ वाजत राहतात. महोत्सवातला सर्वोत्तम पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार यालाच मिळतो.

समीक्षकांच्या लिखाणात पुढे दोन नावं सारखी येतात: बेकेट आणि लॉरेल-हार्डी. तुलना योग्यच आहे. ॲडम आणि पॉलचं ते अडखळतं, त्याच त्याच जागी फिरून येणारं बोलणं ऐकलं की कुणालाही बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ हे नाटक आठवेल. पण बेकेटची माणसं कुठल्याशा माळावर, एका झाडापाशी वाट पाहतात. ही दोघं डब्लिनच्या रोजच्या रस्त्यांवर आहेत, आणि तिथे त्यांच्यापासून नजर चुकवून गेलेला माणूस आता तिकीट काढून त्यांच्यासमोर बसलाय. बेकेटचं नाव घेतलं की ही अडचण सोयीस्करपणे दूर जाते. ती तशी जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

हाच चित्रपट आता मार्च 2005 मध्ये, सोफियाच्या महोत्सवात. चित्रपटात बाकावर बसलेल्या एका बल्गेरियन माणसाला हे दोघं रोमानियन समजतात आणि तो भडकतो. तो प्रसंग बल्गेरियाच्या राजधानीत, बल्गेरियन प्रेक्षकांमध्ये बसून पाहताना तुमचे कान पडद्यापेक्षा खुर्च्यांकडेच लागतात. हशा होतो, मोकळा आणि मोठा. महोत्सवाचा ग्रां प्री त्या वर्षी ‘ॲडम अँड पॉल’ला मिळतो.